व्हीओटू मॅक्स कमी आलं, आता 800 सोडून देऊ का?

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटेल अशा गोष्टी काढल्यात) : लिहिणारी 20 वर्षांची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली, सध्या पुण्यात हॉस्टेलला राहून बी.ए. करतेय. 800 आणि 1500 मीटर पळते. बेस्ट टायमिंग 800 ला 2:16, 1500 ला 4:45, आणि 400 ला 59.5. वर्ष झालं टायमिंग हललं नाही. मध्यंतरी सरांनी ग्रुपमधल्या सगळ्यांची ट्रेडमिलवर मास्क लावून दमाची टेस्ट करून घेतली. हिचं व्हीओटू मॅक्स 52 आलं, सोबत प्रॅक्टिस करणाऱ्या मैत्रिणीचं 58. सर म्हणाले 52 मध्ये मिडल डिस्टन्स होत नसतं, चार किलो वजन कमी कर, नाहीतर भरतीकडे बघ. वडील तर आधीपासूनच पोलीस भरतीचं म्हणतायत. हिने रात्रीची भाकरी बंद केलीय, मनगटावर घड्याळ घेतलंय ते रोज 47 दाखवतं आणि ते बघून रडू येतं. पत्राच्या शेवटी, कंसात, अजून एक वाक्य आहे की चार महिने पाळी आली नाही, पण ग्राउंडवरच्या मुली म्हणतात जास्त पळणाऱ्यांना असं होतंच. प्रश्न असा : "ताई, माझ्यात तेवढा दमच नाही का? नंबर वाढवायचा कसा, की सोडून देऊ?"

अगं, रिपोर्टचे फोटो पाठवलेस ते फार बरं केलंस. कारण तुम्ही सगळे पहिल्या पानावरच थांबलात, तिथे मोठ्या अक्षरात 52 छापलंय ना, तेवढंच बघून. दुसरं पान काढ. खालच्या बाजूला एक रकाना आहे, टेस्ट थांबली तेव्हा पट्ट्याचं स्पीड किती होतं त्याचा. तुझं ताशी 17 किलोमीटर. आता मैत्रिणीच्या रिपोर्टवर तोच रकाना बघ. तिचंही 17.

म्हणजे दोघी एकाच स्पीडला संपलात, फक्त तिथे पोचायला तिला 58 लागले आणि तुला 52 मध्ये भागलं. आता तूच सांग, यात कमी कोण पडलं?

हा नंबर नक्की काय मोजतो ते एकदा सरळ सांगते. जीव तोडून पळताना तुझं शरीर एका मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, ते म्हणजे व्हीओटू मॅक्स. हृदय किती रक्त ढकलतं, त्या रक्तात हिमोग्लोबिन किती, पायाचे स्नायू त्यातला ऑक्सिजन किती ओढून घेतात, हे सगळं त्यात आलं. महत्त्वाची गोष्ट आहे, मी तिला कमी लेखत नाहीये. पण ती टाकीची साइज आहे, गाडी अॅव्हरेज किती देते ते त्यात येतच नाही. ठराविक स्पीडला पळायला किती ऑक्सिजन खर्च होतो, त्याला रनिंग इकॉनॉमी म्हणतात, आणि ढोबळ गणित केलं तर शेवटच्या स्पीडला तुला किलोमीटरमागे दर किलोला साधारण 184 मिली लागले, मैत्रिणीला 205 च्या आसपास. (शेवटच्या टप्प्यात शरीर ऑक्सिजनशिवायचीही शक्ती वापरत असतं, त्यामुळे हा हिशोब अगदी काटेकोर नाही, लॅबवाले तो जरा कमी स्पीडला काढतात. पण दिशा कळायला पुरेसा आहे.) 184 ही लाजायची गोष्ट नाही बाळा, तो चांगला आकडा आहे!

आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. 1980 साली कॉन्ली आणि क्राहेनबुल या दोन अमेरिकन संशोधकांनी 12 चांगले रनर घेतले, सगळ्यांचं व्हीओटू मॅक्स जवळपास सारखं, 72 च्या आसपास. तरी 10 किलोमीटरच्या टायमिंगमध्ये फरक होताच, आणि तो फरक व्हीओटू मॅक्सवरून ओळखता येत नव्हता, इकॉनॉमीवरून बऱ्यापैकी येत होता. याचं कारण समजून घे म्हणजे सरांशी बोलताना उपयोगी पडेल. तुमच्या अख्ख्या कॉलेजला ट्रेडमिलवर चढवलंस, ग्रंथालयात बसणारे, क्रिकेट खेळणारे, रनर, सगळे, तर ज्याचं व्हीओटू मॅक्स जास्त तो 1500 ला पुढे, हे गणित छान जुळेल. पण एकदा का तुम्ही चाळून चाळून आठ मुली फायनलच्या लाइनवर उभ्या केल्यात की त्या सगळ्यांचं बरं असणारच, नाहीतर त्या तिथवर आल्याच नसत्या, मग त्या आठ जणींत नंबर कोण लावणार ते दुसऱ्याच गोष्टी ठरवतात. त्यामुळे नंबर बघून कुणाला फायनलमधून आधीच बाद करण्यात काही अर्थ नसतो.

पॉला रॅडक्लिफचं नाव ऐकलंयस? ब्रिटनची, लंडनमध्ये 2003 ला तिने 2:15:25 ची मॅरेथॉन पळली, तो वर्ल्ड रेकॉर्ड 16 वर्षं टिकला. तिच्या लॅब टेस्ट अँड्र्यू जोन्स नावाच्या फिजिऑलॉजिस्टने ती 18 वर्षांची असल्यापासून वर्षानुवर्षं केल्या आणि नंतर छापल्यासुद्धा. 1992 ते 2003 या सगळ्या काळात तिचं व्हीओटू मॅक्स 70 च्या आसपासच घुटमळत राहिलं. कधी थोडं वर कधी थोडं खाली. बदललं काय तर त्याच स्पीडला लागणारा ऑक्सिजन, तो सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाला. तिचा 70 तुझ्या 52 पेक्षा मोठा आहे, मान्य, आणि ती लांब पल्ल्याची. मी तिचं उदाहरण दुसऱ्या कारणासाठी देतेय : 18 व्या वर्षीच्या नंबरात तिची पुढची अकरा वर्षं कुठेच लिहिलेली नव्हती. तू 20 ची आहेस.

आता 800 कडे येऊ, कारण तुझा इव्हेंट तो आहे आणि तिथे तर हा नंबर अजूनच अपुरा पडतो. 2:16 म्हणजे ताशी 21 किलोमीटरच्या थोडं वरचं स्पीड. ट्रेडमिलवर तू 17 ला संपलीस. मग 21 ने दोन राउंड कशाच्या जोरावर मारतेस? 800 मध्ये साधारण दोन तृतीयांश शक्ती ऑक्सिजनवाली असते, बाकीची एक तृतीयांश ऑक्सिजनशिवायची, जिच्यामुळे शेवटच्या दीडशे मीटरला मांड्या दगड होतात ती. 1500 ला ऑक्सिजनचा वाटा 80 टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून तुझी मैत्रीण 800 ला 2:19 वर असूनही 1500 ला 4:41 ने तुझ्या पुढे आहे, आणि क्रॉस कंट्रीत तर तुला दिसतच नाही असं तू लिहिलंयस. तिचा दुसरा रकाना बघ, थ्रेशोल्डचा, म्हणजे ज्या स्पीडच्या पुढे दम लागायला लागतो त्याचा : ती ताशी 14.5 पर्यंत आरामात राहते, तू 13.5 ला धापा टाकायला लागतेस. 58 पेक्षा हा एक किलोमीटरचा फरक मला जास्त बोलका वाटतो. आणि तुझ्याकडे जे आहे, 59.5 चं 400, ते तिच्याकडे नाही. म्हणजे तुम्ही दोघी दोन वेगळ्या जातीच्या रनर आहात आणि एकाच वर्कआउटवर चालताय, हे मला पत्र वाचतानाच खटकलं होतं.

तुझे राउंडचे टायमिंगही लिहिलेस ते बरं झालं. पहिला 64, दुसरा 72. आठ सेकंदांचा फरक! केनियाच्या डेव्हिड रुडिशाने 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये 800 ला 1:40.91 चा वर्ल्ड रेकॉर्ड केला तेव्हा पहिला राउंड 49.28 चा होता, म्हणजे दुसरा 51.6 चा, फरक अडीच सेकंदांच्या आतला. 800 ला पहिला राउंड थोडा फास्ट जाणं बरोबरच असतं, सुरुवातीला जोर लावला की ऑक्सिजन घेणंही पटकन वर चढतं, पण 64 म्हणजे तू मैत्रिणीला मागे टाकायच्या नादात पळतेस असं मला वाटतं. पुढच्या एखाद्या छोट्या मीटला 66 ने जाऊन बघ. 66 आणि 68 म्हणजे 2:14 झाले, व्हीओटू मॅक्सला हात न लावता. होईलच असं नाही म्हणत. पण वर्षभर टायमिंग अडकण्याचं एक कारण इतकं साधं असू शकतं.

हे सगळं झालं नंबरचं. आता जे मला खरं बोलायचंय ते, आणि हे नीट वाच, घाईत खाली जाऊ नकोस.

तो नंबर दर किलोमागे असतो हे वर सांगितलं. तुझं वजन 50, म्हणजे एकूण 2600 मिली. मैत्रीण 47 किलोची, 58 ने गुणलं तर 2726. किलोमागे बघितलं तर ती तुझ्यापेक्षा 11 टक्क्यांनी पुढे दिसते, एकूण ऑक्सिजन बघितला तर जेमतेम 5 टक्के. निम्म्याहून जास्त फरक नुसता वजनाने भागल्यामुळे आलाय. आणि म्हणूनच सरांचा हिशोब कागदावर बरोबर दिसतो : चार किलो उतरव, 2600 भागिले 46, झाले 56.5. हृदय तेच, रक्त तेच, पाय तेच, आणि नंबर साडेचारने वर. हा नंबर वाढवायचा सगळ्यात सोपा रस्ता आहे आणि 20 वर्षांच्या, मुळात 50 किलोच्या मुलीसाठी सगळ्यात वाईट. कारण ते चार किलो येणार कुठून? तुझ्या अंगावर उतरवण्यासारखं फार काही नाहीच, त्यामुळे स्नायू जाणार, आणि स्नायू गेले, जेवण तुटलं, की ते 2600 सुद्धा 2600 राहत नाहीत. पळताना वजन वाहून न्यावं लागतं हे खरंय, हलकं अंग फायद्याचं असतं हेही खरंय, पण ते वर्षानुवर्षांच्या ट्रेनिंगने आपोआप जसं होतं तसं होऊ द्यायचं असतं. भाकरी तोडून करायचं नसतं.

आणि कंसातलं ते वाक्य. चार महिने पाळी नाही. हे कंसात लिहायचं वाक्य नाही गं, हे पत्राचं पहिलं वाक्य असायला हवं होतं.

"जास्त पळणाऱ्यांना होतंच" हे ग्राउंडवर सर्रास ऐकायला मिळतं, काही कोच तर ते ट्रेनिंग नीट चाललंय याची खूण समजतात. तसं नाहीये. जेवढं ट्रेनिंग आहे त्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर उरलेल्या शक्तीत काटकसर सुरू करतं, आणि आधी ती कामं बंद करतं ज्यांच्यावाचून जीव वाचतो. पाळी त्यातलं पहिलं. मागोमाग हाडं, झोप, भूक, मूड, प्रतिकारशक्ती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली याला रेड-एस असं नाव दिलं, म्हणजे खेळाडूच्या शरीरात खर्चाच्या मानाने शक्तीची तूट. पाळीशी जोडलेलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी राहिलं की हाडं भुसभुशीत व्हायला लागतात, आणि तुझं वय हाडांचा साठा भरायचं वय आहे, हे गेलेलं नंतर पूर्ण भरून निघेलच असं सांगता येत नाही. तू लिहिलंयस की नडगीत दुखतं. बोटाने दाबून बघ, दुखणं लांबलचक पसरलेलं आहे की एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, टोचतंय? एकाच ठिकाणी असेल तर आजपासून पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, नाही ना ते बघायला.

तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जायचं, हा साधा नियम आहे, रनर असो नसो. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, सोबत आईला किंवा हॉस्टेलमधल्या मैत्रिणीला ने. कारण रेड-एसच असेल असं मी इथे बसून ठरवू शकत नाही, थायरॉइड असू शकतं, पीसीओडी असू शकतं, अजूनही काही, ते त्या तपासून ठरवतील. फक्त एक कर, आपण होऊन सांग की मी आठवड्याला इतके किलोमीटर पळते आणि रात्रीचं जेवण बंद केलंय. हे सांगितलं नाहीस तर नुसती पाळी यायच्या गोळ्या घेऊन परत येशील, गोळ्यांनी रक्त दिसेल, पण आतली तूट तशीच राहील.

त्याच खेपेला रक्त तपासून घे. नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिन पण मागून घे, ते आपोआप करत नाहीत. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की अॅनिमिया, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना अॅनिमिया निघाला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त! तुझ्या ग्रुपमध्ये दहा मुली असतील तर हिशोब कर. फेरिटिन म्हणजे साठवलेलं लोह, ते हिमोग्लोबिनच्या आधी आटतं, आणि रिपोर्टवर 15-16 आलं तरी लॅबची रेंज त्याला नॉर्मल म्हणू शकते, पण खेळाडूंचे डॉक्टर साधारण 30-35 च्या वर असलेलं बरं मानतात. आता विचार कर, ऑक्सिजन वाहून नेतं कोण? हिमोग्लोबिन. ज्या मुलीच्या रक्तात ते कमी आहे तिची व्हीओटू मॅक्स टेस्ट करून "तुझ्यात दम नाही" म्हणणं म्हणजे काय ते मी बोलत नाही. टेस्टच्या आधी कुणी तुझं रक्त तपासलं होतं का? पत्रात तरी तसं दिसत नाही. वर्षभर टायमिंग न हलणं, दमणूक, नंबर कमी येणं, या सगळ्यामागे हे एकच कारण निघालं तरी मला आश्चर्य वाटणार नाही. लोहाच्या गोळ्या मात्र मेडिकलमधून आपल्या मनाने आणून खाऊ नकोस, जास्त लोहही त्रास देतं.

खाण्याचं बोलायचं तर भाकरी आजपासून सुरू. आज रात्रीपासून, डॉक्टरकडे जायची वाट बघू नकोस. पहाटे चहा-बिस्किटावर ग्राउंडला जाणं बंद कर, दोन खजूर किंवा एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, काहीतरी पोटात टाकून जा. आल्यावर अर्ध्या तासात दूध, अंडी, पोहे, जे हॉस्टेलला मिळेल ते. मेसच्या डब्यात दोन चपात्या येतात असं लिहिलंयस, दोन चपात्यांवर 60 किलोमीटरचा आठवडा होत नाही, डबा दीडपट करून घे आणि घरी सांग की पैसे कशासाठी हवेत. गावाहून बाजरी, हळीव, गूळ-शेंगदाणे येतातच, आई हळिवाचे लाडू करून देईलच, मटण-मासे खात असाल तर त्यातलं लोह सगळ्यात पटकन लागू पडतं. आणि जेवताना चहा नको, जेवणानंतर तासभर तरी नको, चहा लोह शोषू देत नाही. त्याऐवजी लिंबू पिळ. एवढी एक सवय आपल्याकडे घरोघरी बदलली तरी पुष्कळ होईल, पण आपल्याला जेवणावर चहा लागतोच, काय करणार!

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत फास्ट वर्कआउट बंद ठेव. हलकं पळ, ते पण त्या म्हणाल्या तर. सहा-आठ आठवडे गेले तर जाऊ देत, सीझन परत येतो.

त्यानंतर काय, तर तुला नंबर वाढवायचाच नाही असं मी म्हणत नाहीये, हे नीट लक्षात घे. 800 ची दोन तृतीयांश शक्ती ऑक्सिजनवाली आहे म्हटल्यावर ती बाजू मजबूत करावीच लागणार, आणि तुझी तीच बाजू कच्ची आहे. फक्त थेट नंबरच्या मागे न लागता कामाच्या मागे लाग. तुझा थ्रेशोल्ड 13.5 ला आहे, तर आठवड्यातून एकदा 20-25 मिनिटं किलोमीटरला 4:25 ते 4:30 ने, बोलता येईल पण गप्पा मारता येणार नाहीत अशा दमाने. हा तुझा सगळ्यात मोठा फायदा असेल आणि हाच तुझ्या ग्रुपमध्ये कुणी करत नाही, सगळे रोज उठून चारशे-चारशेच मारतात. एक दिवस 17 च्या स्पीडला, म्हणजे हजार मीटर साधारण 3:32 ने, चार किंवा पाच वेळा, मध्ये तीन मिनिटं चालत. एक दिवस रेसच्या स्पीडला, 200 मीटर 33-34 ने, सात-आठ, भरपूर रेस्ट घेऊन, तुझ्या 64 च्या सवयीला लगाम घालायचा तो इथेच. बाकीचे दिवस हळू, खरोखर हळू, मैत्रिणीच्या मागे न लागता. रविवारी तासाभराच्या वर लांब रन.

आणि चढावरचे छोटे स्प्रिंट, उड्या, जिममध्ये स्क्वॉट, हे "मुलींना जाड करतं" म्हणून टाळलं जातं ना, ते टाळू नकोस. 1999 साली फिनलंडमध्ये पावोलाइनेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी क्रॉस कंट्रीच्या तयार रनरचं जवळजवळ एक तृतीयांश ट्रेनिंग काढून 9 आठवडे उड्या आणि स्प्रिंटचं काम दिलं. त्यांचं 5 किलोमीटरचं टायमिंग सुधारलं, इकॉनॉमी सुधारली, व्हीओटू मॅक्स मात्र वाढलं नाही. तुझ्या सरांना दाखवायला हा एकच अभ्यास पुरे. अर्थात नडगीचं दुखणं पूर्ण गेल्याशिवाय उड्या नाहीत.

सरांबद्दल. तू फार चिडून लिहिलंयस, पण मला ते वाईट कोच वाटत नाहीत, स्वतःच्या खिशातून नाहीतर कॉलेजच्या मागे लागून मुलींची टेस्ट करून आणणारे कोच आहेत कुठे इतके! त्यांनी मशीन आणलं, आकडा आला, आकड्याने त्यांनाही घाबरवलं, एवढंच झालंय. भांडू नकोस. दुसरं पान घेऊन जा आणि म्हण, "सर, आम्ही दोघी 17 लाच थांबलो, माझा थ्रेशोल्ड कमी आहे, त्यावर काम करू या का?" कोचला कामाचं बोललेलं आवडतं. पाळीचं आणि वजनाचं त्यांच्याशी बोलायला अवघड वाटत असेल तर डॉक्टरांकडून चार ओळी लिहून आण, "वजन कमी करू नये", सहीशिक्क्यानिशी. आपल्याकडे कागदाला वजन असतं. आणि तरीही ते चार किलोचाच धोशा लावून बसले, तर मग ग्रुप बदलायचा विचार कर, त्याआधी नको.

घड्याळाचा तो 47 तर विसरूनच जा. ते काही मोजत नाही, तुझं स्पीड आणि मनगटावरून पकडलेले ठोके यावरून अंदाज बांधतं, आणि तुझे जास्तीत जास्त ठोके किती हे माहीत नसेल तर बहुतेक वेळा 220 वजा वय असा हिशोब धरतं. तुझ्या वयाला तो 200 येतो, प्रत्यक्षात कुणाचे 188 असतात कुणाचे 210. त्यात एप्रिल-मेच्या उन्हात त्याच स्पीडला ठोके वाढतात, घड्याळाला वाटतं पोरगी ढेपाळली. तो स्क्रीन सेटिंगमध्ये जाऊन काढून टाक, टायमिंग बघायला घड्याळ ठेव. त्यापेक्षा दर सहा आठवड्यांनी ट्रॅकवर 3000 मीटरची एक ट्रायल घे आणि एक 400 घे, दोन्ही वहीत लिही. 3000 सुधारलं तर दमाची बाजू वाढतेय, 400 टिकून आहे तर स्पीड शाबूत आहे. फुकट टेस्ट आहे आणि ग्रुपमधल्या कुणालाही करता येते. ज्यांच्या गावात सिंथेटिक ट्रॅक नाही त्यांनी मोजून घेतलेला मातीचा राउंड वापरा, फक्त दर वेळी तोच वापरा.

1500 की 800 की अजून काही, हे मात्र उघडं ठेव. तुझ्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी लांब पल्ल्याची, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत पहिली येणारी, मग स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या 3000 मीटरला आली, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये हीटला 9:19.76 चा नॅशनल रेकॉर्ड करून फायनलला गेली आणि दहावी आली. इव्हेंट बदलणं म्हणजे हरणं नव्हे, पण तो बदल ग्राउंडवर पळून सापडावा, एका सकाळच्या मास्कवाल्या टेस्टवरून नाही. तेही मुलगी पहिल्यांदाच ट्रेडमिलवर चढलेली असताना.

राहिलं वडिलांचं. भरती आणि ग्राउंड यात तुला एक निवडायचंय हे कुणी ठरवलं? महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींना 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत मारलं की 20 पैकी 20 मार्क मिळत आलेत. म्हणजे ताशी 17 किलोमीटर. ज्या स्पीडला ते मशीन तुला "संपली" म्हणालं, बरोब्बर त्याच स्पीडला. वडिलांना हे असंच सांग, त्यांचा जीव भांड्यात पडेल. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्याला कुठल्या स्पर्धेतलं कुठलं स्थान चालतं ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचार, म्हणजे टायमिंग सुधारणं हीसुद्धा भरतीचीच तयारी झाली. तुला काळजी करायची असेल तर मैदानी चाचणीच्या उरलेल्या 30 मार्कांची कर, 15 शंभर मीटरचे आणि 15 गोळाफेकीचे. शंभरला तू निघून जाशील, पण रनर मुली गोळ्याला हातच लावत नाहीत आणि ऐन भरतीत तिथे मार्क घालवतात, त्यामुळे जिम सुरू केलीस की आठवड्यातून दोनदा गोळा पण टाकत जा. मार्कांचा तक्ता मात्र त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच बघ, यूट्यूबवर फिरणारे बरेचसे जुने असतात.